रेडिओ फोरचा रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीबीसी रेडिओ फोरच्या रविवारबद्दल मराठी श्रोते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे निम्मे ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेले, निम्मे इथूनच मोबाईलवर ऐकणारे. वेगळं सांगितलं नसेल तिथे वेळा ब्रिटनच्या घड्याळाच्या आहेत, चोवीस तासांच्या पद्धतीने. भारतीय वेळेचा हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे.

१. रेडिओ फोर म्हणजे नक्की काय? गाणी लागतच नाहीत का?

हे बोलण्याचं केंद्र आहे: बातम्या, नाटकं, मुलाखती, विनोदी कार्यक्रम, माहितीपट, प्रवचनं, शेती, बागकाम. ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीने आपल्या केंद्रांची फेरमांडणी केली, तेव्हा जुन्या 'होम सर्व्हिस'चं रेडिओ फोर झालं. आकाशवाणीच्या आपल्या केंद्रांवर भाषण, श्रुतिका, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि नाट्यसंगीत एकाच ताटात वाढलेलं असतं. बीबीसीने ताटंच वेगळी केली आहेत, त्यामुळे हलकंफुलकं संगीत रेडिओ टूवर आणि अभिजात संगीत रेडिओ थ्रीवर मिळतं. फोरवर गाणं लागतं ते कुणाच्या तरी बोलण्याला धरून (प्रश्न १० पाहा). जाहिराती अजिबात नाहीत. मध्ये ऐकू येतात त्या बीबीसीच्याच पुढच्या कार्यक्रमांच्या सूचना.

२. रविवारी नेहमीचे कार्यक्रम गायब का असतात?

सकाळचा 'टुडे' हा बातम्यांचा मोठा कार्यक्रम सोमवार ते शनिवारच असतो. रविवारी त्या जागी घंटा, शेती, धर्म आणि प्रार्थना येतात, आणि राजकारणाला नऊच्या सुमाराला तोंड फुटतं.

याची मुळं जुनी आहेत. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ कडक धार्मिक वळणाचे. त्यांच्या काळात रविवारी प्रार्थना, व्याख्यानं आणि गंभीर संगीत एवढंच चालायचं. नाचगाण्याला मज्जाव होता. परिणाम असा झाला की १९३० च्या दशकात ब्रिटिश श्रोते रविवारी सरळ रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी लावू लागले. मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना लगाम घातला, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. रीथ यांचे निर्बंध कधीच गेले. रविवार सकाळचा संथपणा मात्र टिकला, आणि श्रोत्यांना तो आता आवडतो.

३. रविवारी कधी काय लागतं ते थोडक्यात सांगा.

दिवस ५:४३ ला चर्चच्या घंटांनी उजाडतो ('बेल्स ऑन संडे', प्रश्न ८). ७:१० ला 'संडे' लागतो. त्यात धर्म आणि नीतीविषयक बातम्या असतात, त्याही फक्त ख्रिस्ती धर्माच्या नव्हेत. ७:५४ ला 'रेडिओ फोर अपील' म्हणजे एका धर्मादाय संस्थेसाठी मदतीचं आवाहन, ८:१० ला 'संडे वर्शिप', ९:०० ला आठवड्याच्या घडामोडींचा खेळकर आढावा घेणारं 'ब्रॉडकास्टिंग हाउस'. १०:०० ला 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा मुलाखतीचा कार्यक्रम, ११:०० ला 'द आर्चर्स' या मालिकेचा आठवड्याचा एकत्रित भाग. १३:०० ला 'द वर्ल्ड धिस वीकेंड' ही बातमीपत्रिका, १४:०० ला बागकामाचा 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम', मग नाटक आणि साहित्य. १७:५४ ला 'शिपिंग फोरकास्ट' म्हणजे समुद्राचं हवामान, १८:०० ला बातम्या, १८:१५ ला 'पिक ऑफ द वीक', २२:०० ला राजकारणाचा 'वेस्टमिन्स्टर अवर'.

दहा आणि अकराची जोडी एप्रिल २०२४ मध्ये बदलली. त्याआधी 'आर्चर्स' दहाला लागायचं. जुन्या लेखांत वेगळ्या वेळा दिसतात त्या यामुळे.

४. पुण्यात किंवा नागपुरात हे किती वाजता ऐकायचं?

हिवाळ्यात ब्रिटिश वेळेत साडेपाच तास मिळवा, उन्हाळ्यात साडेचार. ब्रिटनचा उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपतो (त्या दोन दिवसांचा घोळ प्रश्न १४ मध्ये).

सकाळच्या घंटा आपल्याकडे हिवाळ्यात ११:१३ ला आणि उन्हाळ्यात १०:१३ ला. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' दुपारी ३:३० किंवा २:३० ला. 'वेस्टमिन्स्टर अवर' मात्र सोमवारी पहाटे ३:३० किंवा २:३० ला, तेव्हा तो नंतरच ऐकलेला बरा.

हिवाळ्यापुरती एक सोपी युक्ती: भारतीय वेळेवर लावलेलं काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा. दुपारचे दोन वाजलेले असतील तर उलट्या घड्याळात साधारण साडेआठ दिसतील, आणि तीच लंडनची वेळ. अंक छापलेलं घड्याळ असेल तर ते मनातून पुसावे लागतात.

५. ऐकायचं कशावर? पैसे किंवा परवाना लागतो का?

ब्रिटनमध्ये एफएमवर बहुतेक ठिकाणी ९२ ते ९६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, डीएबी या डिजिटल रेडिओवर, किंवा 'बीबीसी साउंड्स' या ॲपवर. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहायला परवाना लागतो, तो रेडिओसाठी लागत नाही. रेडिओचा स्वतंत्र परवाना १९७१ मध्येच रद्द झाला. घरात टीव्ही नाही आणि फक्त रेडिओ ऐकता, तर परवान्याची धमकीवजा पत्रं आली तरी घाबरू नका. 'परवान्याची गरज नाही' असं कळवण्याची सोय असते.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी: जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबाहेर 'बीबीसी साउंड्स' ॲप बंद झालं. आता बीबीसीचं आंतरराष्ट्रीय संकेतस्थळ आणि 'बीबीसी' नावाचं ॲप वापरायचं; त्यांत रेडिओ फोरचं थेट प्रसारण मिळतं. जुनं ॲप फोनवर पडून असेल तर काढून टाका. 'चालत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा याच ॲपच्या असतात.

लाँग वेव्हवर (१९८ किलोहर्ट्झ) एप्रिल २०२४ पासून वेगळे कार्यक्रम होत नाहीत, आणि ते प्रसारण बंद करायचं बीबीसीने ठरवलेलं आहे. केवळ त्यासाठी जुना संच विकत घेऊ नये.

६. बातम्यांआधी 'टूं टूं' वाजतं त्यावर घड्याळ लावता येईल का?

एफएमवर ऐकत असाल तर खुशाल लावा. मोबाईलवर ऐकत असाल तर नको.

हा ग्रिनिच वेळेचा इशारा ५ फेब्रुवारी १९२४ पासून दिला जातो. एकूण सहा 'पिप' असतात: पहिले पाच एकदशांश सेकंदाचे, शेवटचा अर्ध्या सेकंदाचा. तास पूर्ण होतो तो शेवटचा लांब पिप सुरू होताना. बरेच जण तो संपण्याची वाट पाहतात आणि अर्धा सेकंद मागे राहतात.

डीएबीमध्ये आवाज आधी आकड्यांत बांधून मग सोडवावा लागतो, म्हणून तो काही सेकंद उशिरा येतो. इंटरनेटवर त्याआधी साठवणही होते; तिथला उशीर अर्ध्या मिनिटापर्यंत किंवा त्याहून जास्त जातो आणि दर वेळी सारखा नसतो. एकाच घरात स्वयंपाकघरात एफएम आणि हॉलमध्ये मोबाईल लावला की हे लगेच कळतं.

७. रविवारी रात्री दहाला बिग बेन वाजते, सोमवारी का नाही?

बिग बेनचे ठोके रेडिओ फोरवर रोज संध्याकाळी सहा आणि मध्यरात्री असतात. रात्री दहाला ते फक्त रविवारी, 'वेस्टमिन्स्टर अवर'च्या आधी. जिथे ठोके असतात तिथे पिप वाजत नाहीत. इंटरनेटच्या उशिराचा नियम ठोक्यांनाही लागू आहेच (प्रश्न ६).

८. पहाटेच्या घंटा चाल न धरता उतरत्या सुरात सारख्या काय वाजतात?

कारण तिथे चाल वाजवायचीच नसते. 'चेंज रिंगिंग' या इंग्लंडच्या पद्धतीत प्रत्येक घंटा पूर्ण चाकाला बांधलेली असते आणि दोराने पूर्ण वर्तुळात फिरते. शेकडो किलोच्या घंटेला एवढं फिरवल्यावर तिचा ठोका मनाला येईल तेव्हा देता येत नाही, फक्त थोडा लवकर किंवा उशिरा करता येतो. म्हणून सुरुवात सगळ्यांत बारीक घंटेपासून खर्जाच्या घंटेपर्यंत सरळ उतरत्या क्रमाने होते, आणि मग दर फेरीला शेजारच्या घंटा आपसात जागा बदलतात. एकदा वाजलेला क्रम पुन्हा यायचा नाही. हे गणित आहे: पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, आठांचे ४०,३२०. पाच हजारांवर क्रमांची पूर्ण 'पील' वाजवायला तीनेक तास लागतात. रेडिओवर दोनेक मिनिटांचा तुकडाच असतो. ऐकताना खर्जाच्या घंटेवर कान ठेवा. ती पुष्कळदा प्रत्येक फेरीच्या शेवटी येते आणि फेऱ्या मोजता येतात.

इंग्लंडात ओतलेल्या आठ घंटांचा असा संच पुण्यातही आहे, पंचहौद मिशनच्या होली नेम चर्चच्या मनोऱ्यात.

९. मी ख्रिस्ती नाही. रविवार सकाळ माझ्यासाठी आहे का?

'संडे वर्शिप' ही खरीच उपासना असते: स्तोत्रं, वाचन, प्रवचन, सुमारे ४० मिनिटं. कधी अँग्लिकन, कधी कॅथलिक, कधी मेथडिस्ट. ज्यांना ती नको, त्यांनी ७:१० चा 'संडे' ऐकावा. तो वार्तांकनाचा कार्यक्रम आहे आणि त्यात मंदिर, मशीद, गुरुद्वारा सगळ्यांचे प्रश्न येतात.

'समथिंग अंडरस्टूड' या १९९५ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाबद्दलही विचारणा होते. एक विषय घेऊन त्याभोवती कविता, संगीत आणि वेगवेगळ्या धर्मांतले विचार गुंफायचे, अशी त्याची रीत. बीबीसीचे दिल्लीचे प्रतिनिधी म्हणून आपल्याला माहीत असलेले मार्क टली तो अनेक वर्षं सादर करत. नवे भाग २०१९ मध्ये थांबले. आता कानावर पडतात ते जुने.

अपीलबद्दल: ही परंपरा १९२६ पासूनची. दर आठवड्याला नवी संस्था असते आणि बोलणारी व्यक्ती बहुधा प्रसिद्ध. तेच आवाहन आठवड्यात पुन्हा लागतं, त्यामुळे दोनदा ऐकलं म्हणजे दोन वेगळी आवाहनं समजू नका.

१०. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'चे नियम काय?

पाहुणा निर्जन बेटावर एकटा पडला आहे असं मानायचं. सोबत आठ ध्वनिमुद्रिका, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. बायबल आणि शेक्सपिअरचं समग्र साहित्य बेटावर आधीच असतं. बायबलऐवजी दुसरा धर्मग्रंथ किंवा तत्त्वचिंतनाचं पुस्तक मागता येतं. चैनीची वस्तू निर्जीव हवी आणि सुटकेला किंवा जगण्याला उपयोगी पडता कामा नये. म्हणजे होडी नाही, फोन नाही, नवरा-बायको तर नाहीच. शेवटी आठांतली एकच मुद्रिका लाटांपासून वाचवायची झाली तर कोणती, हे सांगावं लागतं.

पहिला भाग २९ जानेवारी १९४२ चा. रॉय प्लमली यांची ही कल्पना, आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच ती चालवत होते. पुढे मायकल पार्किन्सन, स्यू लॉली, कर्स्टी यंग आणि २०१८ पासून लॉरेन लव्हर्न. सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग जतनच झालेले नाहीत, त्यामुळे ते शोधत बसू नये. गायिका एलिझाबेथ श्वार्झकोफ यांनी १९५८ मध्ये आठांपैकी सात मुद्रिका स्वतःच्याच निवडल्या होत्या. नियमांत ते बसतं!

पॉडकास्टमध्ये गाणी मध्येच तुटतात ती तुमच्या फोनमुळे नव्हे. पूर्ण गाणं प्रसारित करण्याचे हक्क आणि उतरवून घेऊ देण्याचे हक्क वेगवेगळे असतात, म्हणून पॉडकास्टात छोटा तुकडाच ठेवतात. गाणी जास्त ऐकायची असतील तर थेट प्रसारण गाठा.

११. 'आर्चर्स' मधूनच ऐकायला घेतलं तर काही कळेल का?

पहिले तीन-चार आठवडे नाही. अँब्रिज हे काल्पनिक खेडं, तिथली शेतकरी कुटुंबं, आणि १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू असलेली कथा. कोण कुणाचं कोण हे निवेदक सांगत नाही. रविवारचा एकत्रित भाग सव्वा तासाचा असतो आणि त्यात मागच्या आठवड्याचे भाग सलग मिळतात. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. आवाज ओळखायला सलग ऐकणंच उपयोगी पडतं.

सुरुवातीला ही मालिका कृषी मंत्रालयाच्या सल्ल्याने बेतली जायची. युद्धानंतर अन्नधान्य कमी होतं, आणि शेतकऱ्याला नवी पद्धत भाषणातून सांगण्यापेक्षा गोष्टीतून सांगितलेली बरी, हा हेतू. म्हणून आजही प्रेमभंगाच्या प्रसंगात मध्येच गाईंच्या क्षयरोगाची चर्चा निघते.

१२. 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम'चा सल्ला महाराष्ट्रातल्या बागेला चालेल का?

निम्मा चालेल. १९४७ पासूनचा हा कार्यक्रम गावोगावच्या श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित होतो, आणि जाणकार मंडळी समोरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. शुक्रवारी दुपारी तीनला पहिल्यांदा आणि रविवारी दोनला पुन्हा.

कुंडीचा निचरा, कंपोस्ट, जास्त पाण्याने कुजणारी मुळं, छाटणीची जागा हे सगळीकडे सारखंच. महिने मात्र उचलू नका. तिथला 'शेवटचं हिमतुषार सरल्यावर टोमॅटो बाहेर लावा' हा मेअखेरीचा सल्ला आपल्या मेमधल्या उन्हात रोपं जाळेल. 'दक्षिणेकडची भिंत' तिथे ऊब मिळावी म्हणून शोधतात, तर विदर्भात तीच भिंत टाळायची असते.

ब्रिटनमधल्या मराठी घरांचे दोन प्रश्न ठरलेले आहेत. कोथिंबीर जूनमध्ये लगेच फुलावर जाते, कारण दिवस लांब असतो आणि माती कोरडी पडते. थोडी थोडी दर दोन-तीन आठवड्यांनी थेट जागेवर पेरा, रोपं उपटून दुसरीकडे लावू नका. कढीपत्ता थंडी सोसत नाही. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की कुंडी आत उजेडाच्या खिडकीत आणा आणि पाणी एकदम कमी करा. पानं गळतात ती पुष्कळदा थंडीत भरपूर पाणी घातल्याने.

१३. 'शिपिंग फोरकास्ट' हे मंत्र म्हटल्यासारखं काय असतं?

ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग पाडले आहेत, त्यांचं हे हवामान. ब्रिटनचं हवामान खातं ते तयार करतं. मजकूर ३५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून क्रियापदं, 'वारा', 'दृश्यमानता' असे शब्द गाळलेले. क्रम पाठ झाला की अर्थ आपोआप लागतो: आधी वादळी वाऱ्यांचे इशारे, मग एकूण स्थिती, मग उत्तरेच्या 'व्हायकिंग'पासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक विभाग 'साउथईस्ट आइसलँड'पर्यंत. प्रत्येक विभागात वारा, समुद्र, पाऊसपाणी, दृश्यमानता या क्रमाने.

'नैऋत्य पाच ते सात, खवळलेला, सरी, चांगली' असं कानावर आलं, तर वारा नैऋत्येकडून येतो आहे, वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापावर ५ ते ७, लाटा अडीच ते चार मीटर, आणि पाच सागरी मैलांच्या पलीकडचं दिसतं आहे. 'मध्यम' म्हणजे दोन ते पाच मैल, 'खराब' म्हणजे एक हजार मीटर ते दोन मैल, 'अति खराब' म्हणजे त्याहूनही कमी. वेळेचे शब्दही मोजलेले आहेत: इशाऱ्यात 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. 'व्हीअरिंग' म्हणजे वारा घड्याळाच्या दिशेने फिरतो आहे, 'बॅकिंग' म्हणजे उलट.

'ट्रफाल्गर' हा दक्षिणेचा विभाग एरवी फक्त रात्री ००:४८ च्या वाचनात असतो. संध्याकाळी ऐकू आला तर तिथे वादळी वाऱ्याचा इशारा आहे असं समजा. 'फिनिस्टेअर' हा जुन्या नावाचा विभाग शोधणाऱ्यांनी आता 'फिट्झरॉय' ऐकावं. २००२ मध्ये नाव बदललं, हवामान खात्याच्या संस्थापकाच्या स्मरणार्थ.

आठवड्याच्या शेवटी संध्याकाळचं वाचन १७:५४ ला असतं, कामाच्या दिवशी नसतं. रात्रीच्या वाचनाआधी 'सेलिंग बाय' ही रोनाल्ड बिंज यांची धून लागते, नंतर राष्ट्रगीत, आणि एक वाजता केंद्र बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसला, म्हणजे जगभरासाठीच्या केंद्राला, जोडलं जातं. रविवार रात्रीचं वाचन हवं असेल तर वेळापत्रकात ते सोमवारी ००:४८ ला शोधा, रविवारी ००:४८ ला नव्हे.

१४. घड्याळं बदलतात त्या रविवारी कार्यक्रम चुकतात का?

रेडिओ फोरचे स्वतःचे चुकत नाहीत. मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर १:०० चे एकदम २:०० होतात, आणि ऑक्टोबरमध्ये २:०० चे पुन्हा १:०० होतात. त्या वेळी वर्ल्ड सर्व्हिस चालू असते, त्यामुळे गळणारा किंवा वाढणारा तास तिच्या वाट्याला जातो.

चुकतात ते भारतातले श्रोते. मार्चच्या त्या रविवारी सगळं आपल्याकडे एक तास लवकर येतं, ऑक्टोबरमध्ये एक तास उशिरा. मोबाईलचा गजर भारतीय वेळेवर लावला असेल तर वर्षातून दोनदा हाताने बदलावा लागतो.

१५. वेळापत्रकात होतं ते लागलंच नाही. का?

नोव्हेंबरचा दुसरा रविवार असेल तर तो 'रिमेम्ब्रन्स संडे', युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा. लंडनच्या सेनोटाफ स्मारकावरून थेट प्रसारण असतं, अकराला दोन मिनिटांची शांतता पाळतात, आणि दहा-अकराची नेहमीची जोडी सरकते. त्या दोन मिनिटांत रेडिओ बिघडला असं समजून बटणं फिरवू नका. नीट ऐकलंत तर गर्दीतला खोकला आणि वारा ऐकू येतो. राजघराण्यातला मृत्यू किंवा मोठी बातमी आली तरी सगळं बाजूला पडतं.

बाकी वेळी शंका असेल तर आधी पुढच्या वारांकडे पाहा. रविवारचं बरंचसं आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशीही लागतं, किंवा उलट रविवारचंच पुनःप्रसारण असतं. 'पिक ऑफ द वीक' तर उघडच आठवड्यातल्या कार्यक्रमांचे वेचे घेऊन बनतो. त्यात एखादा तुकडा आवडला तर मूळ कार्यक्रमाचं नाव निवेदक सांगतो ते टिपून ठेवा.

१६. रेडिओ फोरवर मराठी कधी असते का?

नाही, केंद्र इंग्रजी आहे. बीबीसीचं मराठी प्रसारण वेगळं होतं: १ मार्च १९४२ रोजी, महायुद्धाच्या काळात सुरू झालं आणि डिसेंबर १९५८ मध्ये बंद पडलं. २ ऑक्टोबर २०१७ पासून 'बीबीसी मराठी' पुन्हा आहे, पण इंटरनेटवर, बातम्या आणि व्हिडिओंच्या रूपात. रविवारच्या रेडिओ फोरशी त्याचा संबंध नाही, म्हणून मराठी भाषांतर कुठे मिळेल या प्रश्नाला उत्तर नाही असंच आहे. इंग्रजी ऐकण्याची सवय नसेल तर 'शिपिंग फोरकास्ट'पासून सुरुवात करा: शब्द थोडे, तेच ते, आणि वाचणारा कधी घाई करत नाही.